बंधू पुसा

"पेंटरदादा, तुमच्या अंगावर खिसे किती आहेत?"

प्रश्न विचारला धाकटीने, पण त्यामागचं डोकं होतं काज आणि बटणचं. या तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. एक बुटकी, गोल, म्हणून बटण. दुसरी कायम तिला अडकलेली, म्हणून काज. बाजारात जो पहिला अनोळखी माणूस दिसेल त्याला हे विचारायचं, नाहीतर महिनाभर चिंध्या गोळा करायच्या, अशी पैज लागली होती. आणि पहिला दिसला तो नेमका शिडीवर, एका दुकानाची पाटी रंगवत.

त्याने खाली पाहिलं. कानामागे ब्रश, नाकावर पिवळा ठिपका.

"आठ," तो म्हणाला. "त्यातला एक फाटका."

"फाटक्यात काय ठेवता?"

"लोकांचे टोमणे. आपोआप गळून जातात."

काज फिसकन हसली. धाकटीला हसू दाबता दाबता ठसका लागला.

"आणि तुमच्याकडे किती?" त्याने विचारलं.

"एकही नव्हता. म्हणून तर धंदा काढला."

ती थाप नव्हती. धाकटीची आई दवाखान्यात आया होती. एका हातात किल्ल्या, एका हातात थर्मामीटर आणि चष्मा दातात, अशी ती वॉर्डभर फिरायची. कॉलेज संपल्यावर धाकटीने आईच्या कपड्यांची बाजूची शिवण उसवली आणि आत चांगला कोपरापर्यंत हात जाईल असा खिसा बसवला. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या सगळ्या नर्सबाई दारात. मग बस कंडक्टर आल्या, मग शाळेतल्या बाई. घरातलं एक मशीन पुरेना, तेव्हा काज शिवायला आणि बटण मापं घ्यायला बसली. आता तर बाजारात गाळा ठरत आला होता, आणि गाळा म्हटला की पाटी आलीच.

"'खिसा' एवढंच लिहायचं. खाली माझं नाव," धाकटीने सांगितलं. "कराल ना, दादा?"

"करतो की." पण 'दादा' ऐकून त्याचा चेहरा जिभेखाली कडू गोळी ठेवल्यासारखा झाला.

मग रंग वाळला का ते बघायला ती रोज जायला लागली. एवढा हळू वाळणारा रंग काज-बटणने जन्मात पाहिला नव्हता, आणि तसं त्या तिला तोंडावर सांगायच्या. बाहेर पावसाची रिपरिप, आत त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये टर्पेंटाइनचा वास. तो 'खि'ची वेलांटी काढत असायचा... तीच, परत परत.

"एका अक्षराला एवढा वेळ?"

"घाईत काढलं तर तुम्ही यायच्या बंद व्हाल."

"मी पाटीसाठी येते, दादा."

"हो ना. मीही पाटीबद्दलच बोलतोय."

तो ब्रश पुसायला वळला. त्याचे कान लाल झाले होते, आणि तो लाल रंग काही डब्यातला नव्हता.

पाटी उघडायच्या दिवशी गाळ्यासमोर सगळे जमले. काजने कापड ओढलं. वेलांटी खिशाच्या तोंडासारखी झोकदार वळली होती. अक्षर असं की हात घालून बघावंसं वाटावं. आणि धाकटीच्या नावाचा पत्ताच नव्हता, पाटीवर लिहिलं होतं... 'खिसा बंधू'.

बटणने दोनदा वाचलं. "यातला बंधू कोण? मी तर नाही."

पेंटरने कपाळाला हात लावला. वर्षानुवर्षं तो बाजारात हेच लिहीत आला होता. अमुक बंधू, तमुक ब्रदर्स, ढमुक अँड सन्स. शेवटचा हात फिरवताना डोकं होतं भलतीकडे, आणि हाताने आपल्या वळणाने काम उरकून टाकलं.

सगळे हसले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण धाकटीचे बाबा खूश झाले.

"बघ, पेंटरलाही कळतं," ते म्हणाले. "धंद्याला बंधूच शोभतो. मी तेच म्हणत होतो. उद्या करार आहे ना, त्यावर तुझ्या भावाचं नाव घालू. तू काय, आज ना उद्या सासरी जाशील. गाळा घरात राहायला हवा."

खिसे तिचे, गिऱ्हाईक तिचं, आणि नाव परगावी नोकरी करणाऱ्या, सुईत दोरा ओवता न येणाऱ्या भावाचं? धाकटी पेंटरकडे वळली. "तुम्हीपण?" एवढंच म्हणाली आणि निघाली. त्या दिवशी काज-बटणही मागे धावल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती भांडायच्या तयारीनेच शेडमध्ये शिरली. पाटी टेबलावर आडवी होती. तो टर्पेंटाइनच्या बोळ्याने 'बंधू' घासत होता. 'बं' गेला होता, 'धू' जाता जात नव्हता.

"ऐका तरी," तो वर न बघता म्हणाला. "काल घरी जाताना अख्ख्या बाजारातल्या पाट्या वाचल्या. बहुतेक माझ्याच हातच्या. 'आईचा आशीर्वाद' किती ठिकाणी लिहिलंय मी... पण आईचं नाव? एका पाटीवर नाही. मला कधी खटकलंच नाही. तुमचं नाव मी बाईचं म्हणून लिहिलेलं पहिलं असतं, आणि तिथेच माझा हात घसरला."

धाकटीचं भांडण तोंडातच विरघळलं.

"करार आज संध्याकाळी आहे," ती हळूच म्हणाली. "मी बाबांशी बोलणार आहे. तुम्ही 'बंधू' पुसा, दादा."

"पुसतो. पण एक अट आहे."

"काय?"

त्याने बोळा खाली ठेवला. "पाटीवरचा बंधू मी पुसतो... तुमच्या तोंडातला तुम्ही पुसा."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. धाकटीने उगाचच दोन्ही हात खिशात घातले. स्वतः शिवलेले, चांगले खोल खिसे होते, पण आत्ता तिला त्यात अख्खं लपता आलं असतं तर बरं झालं असतं.

"बघते," ती म्हणाली. "वाळायला वेळ लागेल."

"मला घाई नाही. वेलांटी पाहिलीत ना माझी?"

संध्याकाळी बाबा त्यांच्या घड्याळ दुरुस्तीच्या टपरीत डोळ्याला भिंग लावून बसले होते. वर जुनी पाटी होती, 'अँड सन' लिहिलेली. आई ड्युटीवरून थेट तिथे आली होती. धाकटी समोर उभी राहिली.

"बाबा, तुमच्या पाटीवरचा सन कुठाय?"

बाबांनी भिंग काढलं. सन नोकरीला गेला तेव्हापासून चिमटे, स्प्रिंगा, डबीतले बारीक स्क्रू हातात कोण देत होतं, ते त्यांना पक्कं माहीत होतं.

"करारावर सही मी करणार," धाकटी म्हणाली. "गाळा माझ्या नावाने, पाटी माझ्या नावाने. लग्न झालं तरी. सासरी मी जाईन, गाळा जाणार नाही."

बाबांनी हातातलं घड्याळ कानाशी नेलं, बराच वेळ ऐकलं, मग खाली ठेवलं. "आणि गाळामालक नाही म्हणाला तर?"

"तर तुम्ही शेजारी उभे राहा. सही मात्र माझी."

आईने खिशातून पेन काढून धाकटीच्या हातात दिलं. बाबा आधी पेनाकडे बघत बसले, मग आईच्या खिशाकडे, आणि मग त्यांनी टपरीचं फळकुट ओढून घेतलं. "चला, मालक घरी निघून जाईल."

धाकटी जागची हलली नाही.

"आता आणखी काय?" आईने विचारलं. डोळ्यांत मात्र तिला आधीच सगळं कळल्याचं दिसत होतं.

"अजून एक ठरवलंय," धाकटी म्हणाली, आणि तिचे कान पार लाल झाले. "पेंटरला मी आजपासून दादा म्हणणार नाही."