पहारेकऱ्याची मूळ प्रत

"तुमचा प्रोग्रॅमच चुकला असेल," तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, आणि अशी आमची ओळख झाली.

चार मजले चढून मला धाप लागली होती, आणि हा सर्व्हरच्या थंडगार खोलीत लोकरी टोपी घालून आरामात बसलेला! ऑफिसात सगळे त्याला 'पहारेकरी' म्हणायचे.

"माझ्या कॉम्प्युटरवर नीट चालतो," मी म्हटलं.

"सगळे हेच म्हणतात."

काय उद्धट माणूस! दोन महिने राबून मी तो प्रोग्रॅम, म्हणजे हँडलर, लिहिला होता. डॉक्टरांनी वॉर्डातून एक्स-रे मागवला की ती मागणी पकडायची, भलामोठा फोटो लहान करायचा आणि लगेच पडद्यावर दाखवायचा, एवढंच त्याचं काम. शुक्रवारी अकराला हॉस्पिटलच्या डॉक्टरांसमोर चाचणी होती. फसली तर साहेब बाहेरून तयार प्रोग्रॅम घेणार, म्हणजे माझे दोन महिने पाण्यात. आणि सर्व्हर एकच रडगाणं गात होता — हँडलर लोड झाला नाही.

त्या सोमवारी दुपारी त्यानेच कारण शोधलं. सेटिंगच्या फाइलमध्ये हँडलरची नोंद करणारी ओळच नव्हती.

"टाकायला विसरलात," तो म्हणाला.

"शनिवारी मी स्वतः टाकली होती!"

त्याने ओळ टाकली, हँडलर चालला. मंगळवारी सकाळी ओळ पुन्हा गायब. बुधवारीही तेच!

"तुमच्याकडे ओळी खाणारे उंदीर आहेत का हो?" मी कडाडले. थंडीने माझे दात वाजत होते. त्याने टोपी काढून पुढे केली.

"घाला. रागाने थंडी जात नाही."

"माझी जाते," म्हटलं... आणि घातली. त्याचे केस सगळीकडून उभे राहिले होते. मला हसू आलं, म्हणून आणखीच राग आला.

गुरुवारी मी चोर पकडायला त्याच्याआधी पोचले. तो आला, डबा ठेवला आणि पहिलं काम काय केलं? स्वतःकडची सेटिंगची 'मूळ प्रत' काढून सर्व्हरवरच्या फाइलवर चढवली!

"थांबा! हे काय करताय?"

"काही नाही, रोजचंच. एकदा कुणीतरी भलतीच ओळ टाकली आणि अख्खं हॉस्पिटल बंद पडलं. तेव्हापासून मी रोज सकाळी मूळ प्रत..." तो थांबला. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे उंदीर तुम्हीच! दुपारी ओळ टाकता, सकाळी पुसता — आणि विसरले कोण, तर मी?"

"चुकलं माझं. हात आपोआप चालतो... खरंच चुकलं."

मी ऐकून घेतलं नाही. रागाने डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला दिसायच्या आत जिना उतरले.

घरी ताई म्हणाली, "चार दिवस त्याच्याबद्दलच ऐकतेय. नक्की राग आहे ना?"

"रागच आहे!"

"मग ही टोपी कुणाची?"

शुक्रवारी पावणेअकराला त्याचा फोन. "जरा वर या... हँडलरचं..." पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. चार मजले धावत चढले. पडद्यावर एक्स-रे लख्ख दिसत होता.

"चालतोय?"

"कालपासून. ओळ मूळ प्रतीतच टाकली." त्याने फाइल दाखवली. माझ्या ओळीच्या वर त्याने लिहिलं होतं — ही ओळ कुणीही काढायची नाही. मी तर मुळीच नाही.

"मग बोलावलंत कशाला? माझा जीव जायची वेळ आली होती!"

"आता बिघाड नाही... म्हणजे तुम्ही वर येणार नाही. ते काही बरं वाटेना." त्याने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आवडता मला. चिडलेल्यासुद्धा."

"हे सांगायला चार मजले पळवलंत? तुम्हाला खाली येता येत नव्हतं?"

"सर्व्हर सोडून—"

"हो, सोडून! एक वाजता. डबा घेऊन!"

चाचणी झाली. डॉक्टरांनी सात एक्स-रे मागवले, सातही उघडले. साहेब मला काहीतरी छान म्हणाले, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

बरोबर एकला तो जिना उतरून आला. हातात डबा, केस उभे.

"टोपी कुठंय?" मी दरडावलं.

"तुमच्याकडे."

"मग राहू दे. परत मिळणार नाही."