पावलाचा ठसा, तळव्याचा नव्हे

बोर्ड नवा, कनेक्टर नवा, सोल्डरचा डाखही आजोबांनी स्वतः लावलेला. तरी खोका मुका तो मुकाच! मधुजाने दहादा बटण दाबलं आणि रडकुंडीला येऊन विचारलं, "आजोबा, चुकलं कुठं?"

खोका म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या 'टिटवी' यानाशी घरून बोलायचं यंत्र. यानातल्या पाचही जणांच्या घरी एकेक होतं. मधुजाची आई त्या पाचांतली एक. पंधरवड्यापूर्वी खोक्याचा कनेक्टर (तारा अडकवायची खाच) तुटला आणि आईचा आवाज बंद झाला. त्यात रविवारी मंगळ सूर्याच्या पलीकडे जाणार. मध्ये सूर्य आला की रेडिओलहरी पोचत नाहीत, म्हणजे पुढचे तीन आठवडे सगळं गप्प. मधुजाला आईची इतकी आठवण येई, की तिचं रागावणंसुद्धा हवंहवंसं वाटे.

खोके बनवणारी कंपनी बंद पडली होती आणि तिचे आराखडे कुलपात होते. दुसऱ्या घडणीचा कनेक्टर बसवायचा, तर बोर्ड (यंत्राचे भाग बसवायची पाटी) नवा हवा. त्यावर हवा फुटप्रिंट, म्हणजे कनेक्टरचे पाय नेमके कुठं टेकतात त्याचा नकाशा. तो मधुजाने हट्टाने स्वतः काढला होता.

आजोबा निवृत्त संशोधक. त्यांनी विचारलं, "काढलास कसा?"

"कनेक्टर उलटा धरून, त्याचे पाय बघून. मापं अगदी काटेकोर आहेत हं!"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अगं वेडाबाई! जा, उजवा पाय भिजव आणि ठेव फरशीवर."

ओल्या ठशात अंगठा डावीकडे आला.

"आता तळवा वर करून बघ."

तळव्यावर अंगठा उजवीकडे!

"अय्या! म्हणजे मी ठसा नाही, तळवा काढला? पहिल्या पायाची जागा शेवटच्याला गेली!"

"आणि वीज गेली भलत्याच तारेत. मीही तपासलं नाही. म्हातारा झालो, दुसरं काय."

नकाशा तासाभरात सुधारला. पण कारखान्यातून नवा बोर्ड यायचा मंगळवारी. रविवार हुकलाच. मधुजाने पलंगावर अंग टाकलं.

"हा नकाशा खुल्या भांडारात ठेवू या," आजोबा म्हणाले. खुलं भांडार म्हणजे कुणीही घ्यावेत, वापरावेत, सुधारावेत अशा आराखड्यांचं कोठार.

"कशाला? माझं तर कामच झालं नाही!"

"कुलपामुळेच अडलो ना आपण? आता तूही कुलूप लावणार?"

मधुजा बराच वेळ फुरंगटून बसली. मग उठली, नकाशा चढवला आणि खाली आपल्या फोन नंबरासह लिहिलं: 'हा वरून दिसणारा ठसा आहे. तळवा बघून काढू नका. मी काढला आणि फसले.'

शनिवारी दुपारी फोन वाजला.

"तूच का ती पावलंवाली? मी प्रणोती मेश्राम, चंद्रपूरची. माझे बाबा टिटवीत आहेत. आमचाही खोका तसाच बंद पडला होता. शाळेत बोर्ड छापायचं यंत्र आहे ना, तुझा नकाशा घेतला अन् सकाळी चालू झाला!"

मधुजाने आपल्या मुक्या खोक्याकडे पाहिलं. चंद्रपूरच्या पोरीला तिचे बाबा भेटले. आणि आपण?

"बाबांना सांगितलं तुझ्याबद्दल. आवाज जायला वीस मिनिटं, यायला वीस. आत्ताच उत्तर आलंय, पण ते माझ्यासाठी नाही. फोन ठेवू नको बरं, खोक्यापाशी धरते."

खरखर झाली. आणि मग, "मधू, बाळा, ऐकतेस ना? उलटं काढलंस, फसलीस, आणि तरी लिहून ठेवलंस. शहाणी माझी ती. आजोबांना सांग, गोळ्या वेळेवर घ्या. मला तुझी फार फार आठवण येते गं."

आजोबांनी चष्मा काढून पुसला.

"तू बोल ना," प्रणोती म्हणाली, "उद्यापर्यंत वेळ आहे. बाकीच्या तिघांच्या घरीही मी नकाशाचं कळवते."

सांगायचं केवढं साठलं होतं! शाळेचं, दाताचं, नकाशाचं. पण मधुजाच्या तोंडून एवढंच निघालं, "आई, तू रागाव ना मला थोडी. खूप दिवस झाले."