तहानेचं दुसरं टोक

कायझरनं पाण्याचं सहावं भांडं रिकामं केलं, भडाभडा ओकला आणि पुन्हा भांड्याकडे धावला. नागपूरच्या प्राणी-आरोग्य केंद्रात डॉ. सुनेत्रा खानझोडे त्या कुत्र्याला धरून बसल्या होत्या. रक्तातलं मीठ झपाट्यानं उतरत होतं. असाच पीत राहिला तर संध्याकाळपर्यंत झटके येऊन मेला असता.

मालक हेमंत देवतळे घड्याळ बघत होते. "बरा होईपर्यंत मीही इथेच राहायचं? भलताच नियम! मला वेळ नाही. याला गार खोली आहे, परदेशी खाणं आहे, मालिशवाला आहे. आणखी काय करायचं हो माणसानं?"

वा रे माणूस! सुनेत्राबाईंना असल्यांची शिसारी यायची.

"याच्या शरीराला तहान नाहीच, मॅडम," संवेदना-अभियंता इरफान म्हणाला. "ती बाहेरून येतेय, समवेदना-कड्यातून."

"पण ते उलटं चालतं ना? कुत्र्याची भूक-तहान मालकाला जाणवावी म्हणून तर कायद्यानं ते कडं मालकाच्या मनगटात घातलं."

"वाट दुहेरी आहे. मालकाची तहानही गळपट्ट्यातून कुत्र्यात उतरते. एरवी कळत नाही, कारण माणूस उठून पाणी पितो."

देवतळ्यांच्या हातात गार पाण्याची बाटली होती. मनगटावर नुसतं घड्याळ.

"तुमचं कडं कुठाय?"

"अहो, मीटिंगमध्ये मधेच कुत्र्याची भूक लागते, वैताग नुसता! वडिलांच्या हातात घातलंय. अप्पा काय, दिवसभर पडूनच असतात."

"त्यांना पाणी कोण देतं?"

"सकाळी बाई देते. दुपारनंतर बंद. नाहीतर अंथरूण ओलं करतात. चादरी कोण बदलणार?"

हे सांगताना गडी जरासुद्धा चाचरला नाही. सुनेत्राबाई उठल्या आणि त्याला घेऊन तडक त्याच्या घरी गेल्या.

गार खोली कायझरची होती. अप्पा मागच्या खोलीत, पंख्याखाली. ओठ फुटलेले. सुनेत्राबाईंनी मान उचलून घोट घोट पाणी पाजलं. पेला संपतो न संपतो तोच इरफानचा फोन आला.

"मॅडम, कायझरनं भांड्यातून तोंड काढलं. झोपला बघा!"

"म्हणजे बरा झाला," देवतळे खूश झाले. "संध्याकाळी नेतो त्याला."

"नाही. जोडीतले दोघंही बरे होईपर्यंत केंद्रातच राहतात. मी अप्पांना नेतेय."

"अप्पांना? खुशाल न्या! पण मग कायझर कधी परत येणार?"

"कडं ज्याच्या हातात, कुत्रा त्याचा. त्यांनाच विचारा."

अप्पांनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. रिकामा पेला डॉक्टरांपुढे धरून ते म्हणाले, "अजून थोडं द्या ना जी, बाई."