उलटं बसवलेलं दार

पंखा जरा कमी करा रे, उगाच ओरडायला लावू नका. ही गोष्ट माझ्या साडूची. माणूस देवभोळा, पण भित्रा नाही. संग्रहालयात पहारेकरी होता. गेल्या थंडीतला शेवटचा शनिवार. साहेब म्हणाले, "आज रात्री थांब आणि चोर पकड."

चोर कसला, कडी काढणारा! डोंगरापलीकडच्या लोकांचं एक जुनं दार तिथे चौकटीसकट भिंतीला ठोकलंय. कडीची बाजू आपल्याकडे, मागे नुसती भिंत. साडू संध्याकाळी कडी लावायचा, सकाळी ती निघालेली. संशय झाडणाऱ्या बाईवर. ती डोंगरापलीकडचीच ना! आता साडूने तिला पकडून साक्ष दिली, की तिची नोकरी जाणार.

संध्याकाळी ती घरी निघताना त्याने तिला टोमणा मारलाच. "काय ताई, आज हाताला सुट्टी का?"

"माझ्या हाताला कशाला बोल लावता, दादा? कडी आतून असते. म्हणजे तुम्ही सगळे घरात. आमच्यात घरचं माणूस बाहेर असलं, की कडी लावत नाहीत."

"बाहेर कोण आहे?"

ती पिशवी उचलून गेली.

साडूने बाहेरच्या फाटकाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. बाई बनवतेय, दुसरं काय? कडी लावून खुर्चीत बसला.

मध्यरात्र उलटली. टकटक.

"फाटकावर, काका?"

नाही रे... त्या दारावर.

तो जवळ गेला. पुन्हा टकटक. हळू... घरचं कुणी उशिरा आलं की वाजवतं, तशी.

देवाचं नाव घेऊन त्याने विचारलं, "कोण?"

पलीकडून नुसता श्वास. दमलेला.

भीती होतीच. पण त्याच्या मनात आलं, एवढ्या थंडीत कुणी घराबाहेर... आणि कडी लावली कुणी? मीच.

त्याने कडी काढली.

"मग?"

मग काही नाही. दार हललंसुद्धा नाही. सकाळी साहेब आले. साडू सरळ म्हणाला, "बाईंचा काही संबंध नाही. आज कडी मी काढली. उद्यापासून लावणारही नाही."

"डोकं फिरलंय तुझं," साहेब हसले. दार ओढून पाहिलं. मागे भिंत. कोरडी.

मग त्यांनी खाली पाहिलं... आणि हसणं थांबलं.

उंबऱ्याच्या आत, साडूच्या खुर्चीच्या बाजूला, चपलांची एक जोडी. जुन्या घडणीची. नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेली.

तळांचा चिखल अजून ओला होता.