सगुणाची सुई

माझी बायको सगुणा गेल्याचं कळलं तेव्हा मी सातवीच्या वर्गाला पृथ्वीचं पोट शिकवत होतो. मार्च १९७४, सकाळचे दहा वाजले असतील. आमचं गाव ताडकळसपासून दोन कोसांवर.

परातीतल्या पाण्यावर जोंधळ्याच्या धांड्यातल्या हलक्या गाभ्याचा, भेंडाचा तुकडा तरंगत होता. त्यात सगुणाची गोधडी शिवायची जाड सुई आडवी टोचलेली, लोहचुंबकावर घासलेली. सुई फिरून उत्तरेला थांबली. मी सांगत होतो, की पृथ्वीच्या अगदी आत लोखंडाचा गोळा आहे, त्याच्याभोवती वितळलेलं लोखंड ढवळत असतं, आणि त्यातून हे चुंबकत्व येतं.

तेवढ्यात सुई हलली. हळूहळू फिरून आग्नेयेला गेली. खिशातल्या किल्ल्या मी ओसरीत ठेवून आलो, परात खिडकीपाशी नेली. सुई आग्नेयेलाच. मग तिचं टोक पाण्यात बुडालं.

"गुरुजी, सुईला तहान लागली," पुढच्या पट्टीवरची एक मुलगी म्हणाली. पोरं हसली. मीही हसलो.

दारात आमच्या वस्तीतला आश्रुबा उभा होता. अंगभर मुरूम.

"मास्तर, चला. हीर ढासळली."

विहीर शाळेच्या आग्नेयेला होती.

ही विहीर आमच्या बौद्ध वस्तीची. गावच्या विहिरीवर रोजची बोलणी खाण्यापेक्षा आपली खोदू, असं ठरलं होतं. प्रत्येक घरानं पाळीनं एक माणूस द्यायचा. त्या दिवशी पाळी आमच्या घराची, म्हणजे माझी. पण शाळेत तपासणीला साहेब येणार होते.

"जावा तुमी साहेबाकडं," सगुणा म्हणाली होती. "माझे काय हात मोडलेत? आन् सुई सांजच्याला परत आना. गोधडीची एक कड राह्यलीय. सुई माझी आन् मिरवायले तुमी."

न्याहारीला सगळे वर आले. एवढं टोपलं भरून येते म्हणून ती खाली राहिली, आणि एका बाजूचा मुरूम तिच्यावर आला. विहीर सहा परस झाली होती, म्हणजे छत्तीस-सदतीस फूट.

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत.

आम्ही तीन दिवस उकरत होतो. पहिल्या दिवशी काम नेहमीसारखं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आश्रुबा खालून ओरडला, "मास्तर, दगडाचा चटका बसायलाय!" मी उतरलो. तळातला मुरूम तव्यासारखा तापला होता. ऊन तळापर्यंत येत नव्हतं. जमिनीत खोल गेलं की उष्णता वाढते हे मी शिकवतो, पण तीस-पस्तीस फुटांत काही वाढत नाही.

तिसऱ्या दिवशी टोपली उचलेनात. बाया डोक्यावर नेतात तेवढीच टोपली, पण दोन माणसं लागत होती. रहाटानं कशीबशी वर काढली आणि काठावर मी ती एकट्यानं उचलली. असं होत नाही. तीस-पस्तीस फुटांनी वजनात जाणवण्याइतका फरक पडत नाही.

मग आश्रुबाच्या हातातली पहार सुटली. पडली नाही. तळाशी टोक टेकवून सरळ उभी राहिली. आम्ही दोघांनी ओढली. ती निघाली नाही.

आश्रुबा शिडीकडे सरकला. "मास्तर, माफ करा. आमी न्हाई उतरायचो आता."

मी एकटा संध्याकाळपर्यंत उकरत होतो. फूटभरही झालं नाही. पुढं वस्तीनं दुसरीकडे विहीर घेतली. तिला पाणी चांगलं लागलं. सगुणा अजून पहिल्या विहिरीतच आहे.

संध्याकाळी भाकरी करताना ती मला दिवसभराचा धडा विचारायची. शाळेत गेली नव्हती, पण मुलांपेक्षा बरे प्रश्न काढायची. एकदा मी सांगितलं, की पृथ्वीच्या पोटात दगड वितळेल एवढी धग आहे.

"एवढा जाळ हाय खाली, तर मी कशाला चूल फुकून मरायलेय?" ती म्हणाली. मग भाकरी उलटून थोड्या वेळानं, "मास्तर, धरती समद्याला खाली वढती म्हन्ता. मंग वर कोन बोलवतं?"

"कुणी नाही."

"आसं कसं? कुनीतरी आसंल की."

१९७७ मध्ये माझी बदली परभणीला झाली. स्टेशनच्या बाजूला खोली घेतली. सोबत ती अर्धवट गोधडी आणली आणि सुई आणली. सुई मधोमध दोरा बांधून आढ्याला टांगली. पहिले काही महिने ती पूर्वेला असायची, ताडकळसच्या बाजूला. ते मला बरं वाटायचं. शाळेतून आलो की आधी तिकडे बघायचो.

नंतर टोक खाली झुकायला लागलं. मी कोनमापक लावून दर रविवारी लिहून ठेवलं. दहा अंश, पंचवीस, साठ. गेल्या दिवाळीपासून ती सरळ खाली आहे. तिच्याखाली स्टोव्हजवळची एक शहाबादी फरशी आहे. ती फरशी कोमट असते. बाकीच्या गार असतात. सकाळी स्टोव्ह पेटवायच्या आधी मी हात लावून पाहतो.

त्या फरशीवर मी गोधडी घालून बसतो. सगुणाला दिवसभराचा धडा सांगतो.

आधी सुईला एकपदरी दोरा पुरायचा. या महिन्यात दोनदा तुटला. आता तीनपदरी लावला आहे, तोही ताणलेला असतो. बोट लावलं की वाजतो.

दोरा सोडला की सुई सगुणाकडे जाईल, हे मला कळतं. अजून सोडलेला नाही. गोधडीची एक कड शिवायची राहिली आहे. सुई परत द्यायची राहिली आहे.