जरीचा झेंडा

झिग्लरच्या बिअरगृहाची एक काच फुटली होती. दुसरी फुटायच्या आत, चोऱ्यांचा छडा लावणाऱ्या मादाम वोक्लेर दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे निवृत्त कॅप्टन गास्पार धापा टाकत पोचला. १८९३ चा जुलै. पॅरिस नुसतं तापलं होतं.

"झेंडा जाळलान या जर्मनानं!" मायभू संघाचे अध्यक्ष मस्यू द्युलाक गरजले. कोट गळ्यापर्यंत बंद, चेहरा घामानं निथळत होता. "राख याच्याच शेगडीत सापडली. पॅरिसबाहेर घालवा याला!"

मागे जमाव घोषणा देत होता.

"जर्मन?" झिग्लर भडकला. "आमचं आल्सास जर्मनांनी घेतलं, तेव्हा घरदार सोडून इथं आलो मी!"

"ज्याचे पूर्वज या मातीत, तोच फ्रेंच."

"माझे आजोबा आल्सासातल्या स्ट्रासबूरच्या मातीत आहेत. ती माती आपलीच, असं तुम्हीच ओरडता ना? मग आजोबा तेवढे जर्मन कसे?"

जमावात कुणीतरी फिसकन हसलं. द्युलाक ताडकन वळले, तशी त्यांची टोपी पडली. ते वाकले नाहीत. गास्पारनं ती उचलून दिली. चार दिवसांत स्वारी बरीच सुटली की, त्याच्या मनात आलं.

"शेगडी कधी पेटवली होतीत?" मादामनी झिग्लरला विचारलं.

"जुलैत? वेड लागलंय का मला? मागचं दार मात्र हवेसाठी उघडं असतं."

मग पाळी संघाच्या चिटणिसाची. काडीसारखा रोबां नुसत्या सदऱ्यावर उभा होता.

"झेंडा शेजारच्या सभागृहात होता. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक अध्यक्षांकडे. अध्यक्षांनी स्वतः आणलेलं अस्सल लियाँचं रेशीम हो! अक्षरं खऱ्या जरीची. आज लियाँचे रेशमाचे व्यापारी मस्यू शाबेर स्वतः तो उलगडणार होते."

"हे कधी ठरलं?"

"काल संध्याकाळी त्यांची तार आली."

मादामनी शेगडीतली राख चिमटीत चोळली आणि हात झटकले. "कॅप्टन, पाद्री लोक जुने जरीचे झगे का जाळतात?"

"चांदी काढायला. कापड जळतं, तार उरते."

"इथं तार कुठाय?"

गास्पारनं राख चाळली. एक कणही चमकला नाही.

"म्हणजे जळलं ते दुसरंच फडकं. किल्ली दोघांकडे. रोबांच्या अंगावर रुमाल लपवायलाही जागा नाही. आणि दुसरे गृहस्थ या उन्हात कोट काढत नाहीत, टोपीसाठी वाकत नाहीत. लोक इथं जमलेले असताना झेंडा बाहेर न्यायचा तरी कसा? मस्यू द्युलाक, बटणं तुम्ही काढता की कॅप्टननं काढू?"

कोट उघडला. पोटाभोवती तिरंगा गुंडाळलेला. जरीत झळकत होतं: फ्रान्स फ्रेंचांचा!

"पण स्वतःचाच झेंडा?" गास्पार चक्रावला.

"पाहुणे सांगतील." दारात नुकतेच मस्यू शाबेर येऊन उभे होते. त्यांनी झेंड्याची कड दोन बोटांत घेतली आणि भुवया उंचावल्या.

"हे लियाँचं? छे! क्रेफेल्डचं. अस्सल जर्मन."

"स्वस्त पडलं," द्युलाक पुटपुटले.

हशाचा असा लोट उठला की उरलेल्या काचा थरथरल्या. "जाळा ते जर्मन फडकं!" कुणीतरी ओरडलं.

"अरे, जाळू नका," झिग्लर म्हणाला. "बिचारं सरहद्द ओलांडून आलंय. माझ्यासारखंच."

त्यानं स्टूल ओढलं, चार खिळे घेतले आणि झेंडा फुटक्या खिडकीवर ठोकला. सावली छान पडली. कॅप्टन तिथंच पेला घेऊन बसला.