इथल्यापुरतं लाकूड

बाल्साची पातळ फळी भास्करराव उपळेकरांच्या हातात काडकन मोडली.

"हीसुद्धा नापास," ते म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

उपळेकर जन्मभर पुण्यात विमानांच्या प्रतिकृती बांधत आणि बांधायला शिकवत आले होते. त्यासाठी लागणारं हलकं लाकूड, म्हणजे बाल्सा, निवडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. फळी आधी तळहातावर तोलायची, मग उजेडासमोर धरून धागे सरळ आहेत का पाहायचे आणि शेवटी अंगठ्याने दाबून वाकवायची. वाकून पुन्हा सरळ झाली तर पंखाला, मोडली तर चुलीला. ही अंगठ्याची परीक्षा त्यांच्या गुरूंनी घालून दिलेली होती, आणि गुरूंनी घालून दिलेलं बदलायचं नाही, हा या मंडळींचा खाक्या.

याच परीक्षेसाठी चांद्रवसाहतीच्या समितीने त्यांना पृथ्वीवरून बोलावून घेतलं होतं. इथल्या मुलांच्या विमानांसाठी दरवेळी पृथ्वीवरून लाकूड आणणं जमेना, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. नसरीन तांबोळींनी हरितघुमटात बाल्साच लावला. झाडं कशी तरारून आली! पण लाकूड कामाचं नसेल तर ती तोडून तिथे कांदे लावायचे, असं समितीचं ठरलं होतं. आणि चंद्रावर कांद्यापुढे कुणाचं काय चालणार?

"इतकं हलकं लाकूड मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही," तुकडे टेबलावर ठेवत उपळेकर म्हणाले. "पण त्यात जीवच नाही हो. असं का व्हावं?"

"झाडाला भारबोध असतो, सर," नसरीन म्हणाल्या. "स्वतःचं वजन आणि वारा, यांचा ताण खोडाला कळतो. जेवढा ताण, तेवढ्याच जाड भिंती ते आपल्या पेशींना बांधतं. इथे वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश, आणि वारा तर नाहीच."

"म्हणजे झाड आळशी झालं!"

"आळशी नाही, हिशेबी झालं." त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. "बीपासून वाढवलीत मी ही झाडं. ती गेली तर मी इथे काय करू, मला खरंच कळत नाही."

उपळेकरांनी मान खाली घातली. खोटा शेरा देणं त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं.

"सर," नसरीन अचानक म्हणाल्या, "उडताना पंखावर किती भार येतो?"

"विमानाच्या वजनाइतका. आणखी किती येणार?"

"कुठल्या वजनाइतका?"

उपळेकरांनी मोडक्या फळीचा तुकडा उचलून पुन्हा तळहातावर तोलला.

"इथल्या," ते सावकाश म्हणाले. "एक षष्ठांश. आणि घुमटातली हवा?"

"पृथ्वीवर असते तेवढीच दाट."

"मग ते निम्म्याहून कमी वेगाने तरंगेल. उतरताना धक्काही सहाव्या हिश्श्याचाच! अहो बाई, झाडाने जे वजन पेललं तेच पंखाला पेलायचंय. मग चुकतंय कोण?"

"तुमचा अंगठा, सर. तो अजून पृथ्वीवरचाच आहे."

उपळेकर खो-खो हसले. "नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्हाला म्हणणार होतो मी. इथे तर अंगणच वेगळं निघालं!"

विमान नसरीननीच बांधलं. उपळेकर नुसतं सांगत होते, कारण त्यांनी पंखाची फासळी उचलली की ती मोडायची. चंद्रावर वर्षं काढलेल्या नसरीनच्या बोटांना मात्र ते लाकूड ओळखीचं होतं. पुढचा पंखा फिरवणाऱ्या रबराला पीळ देऊन झाल्यावर उपळेकरांनी फेकायला हात उगारला, तेव्हा नसरीननी तो घाईघाईने धरला.

"फेकायचं नाही, सर. नुसतं सोडायचं."

आणि उपळेकरांनी ते सोडलं. विमान बाल्साच्या शेंड्यांवरून इतक्या संथपणे वळलं, की उपळेकरांना त्याची एकेक फासळी मोजता आली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी झाडांना हात जोडले आणि मग समितीसाठी शेरा लिहिला: उत्तम लाकूड, कांद्यांसाठी एकही झाड तोडू नये.

"बाई, या वयात मला नव्याने शिकवलंत. फार उपकार झाले," ते म्हणाले. "आता माझ्याबरोबर पुण्याला चला. सगळ्यांना सांगू या हे."

नसरीननी मान हलवली. "नाही येता येणार. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझी परत जायची वाट बंद केली. हाडं पृथ्वीवर टिकायची नाहीत म्हणाले. फार रडले मी. वाटलं, शरीर वाया गेलं आपलं."

उपळेकर त्यांच्याकडे पाहत राहिले. "हाडांनाही भारबोध असतो?"

"असतो. अगदी लाकडासारखा."

"मग तुम्हाला नापास करणाऱ्यानेही परीक्षा भलत्याच जागी घेतली की!"

नसरीनच्या मनात मिरजेच्या आपल्या घराची आठवण अजूनही दुखत होती, आणि ती दुखत राहणार हेही त्यांना माहीत होतं.

"वर्षभर अल्लाकडे तक्रार करत होते मी, सर," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा या हाडांसाठी त्याचे आभार मानावेसे वाटतायत."